अकरा महिने अख्ख्या गावानं चालवलेली गाडी

जुन्या गाड्या पारखणाऱ्या चाचांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट विहिरीतून पोहरा ओढावा तसा हात बदलत बदलत शेवटपर्यंत बाहेर काढला. आमच्या सांगलीत जुनी गाडी बघायची पहिली पायरी हीच. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 च्या जुलैत ते परत गावात शिरलं, आणि तेव्हापासून बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून कुठं कुठं खपल्या याच्या कथा प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात. सीटकव्हर बदलता येतं, कार्पेट बदलता येतं. सीटबेल्टच्या गुंडाळीत बसलेला गाळ मात्र कुणी काढत बसत नाही.

खरं तर ही गाडी नोव्हेंबर 2024 ची. तिनं पूर बघितलेलाच नाही. पण चाचांचा हात सवयीनं तिकडं गेला. गाळ निघाला नाही. गुलाल निघाला. पट्ट्याचा शेवटचा हातभर तुकडा गुलाबी झालेला, आणि थोडा भुगा चाचांच्या खाकी पँटवर सांडला.

"वैनी, ही जोतिबाला जाऊन आल्याली हाय."

सेल्समन मुलगा तिथंच उभा होता. पाचच मिनिटांपूर्वी त्यानं सांगितलं होतं की गाडी शंभर फुटी रोड आणि विश्रामबाग एवढ्यातच फिरलेली आहे, त्यापलीकडं गेलेलीच नाही.

तर हा त्या डेमो, म्हणजे टेस्ट ड्राइव्हला वापरलेल्या गाडीचा, आणि ती विकणाऱ्या शोरूमचा अनुभव. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि शोरूमचंही नाही. गाव लहान आहे, आणि पुढची दोन वर्षं सर्व्हिसिंगला तिथंच जायचं आहे. चार मीटरच्या आतली, 1.2 लिटर पेट्रोल, हातानं गिअर टाकायची, उंच बसायची गाडी, एवढं पुरे. आजकाल दर तिसऱ्या दारात उभी असते तसलीच.

मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात बावीस वर्षं काढली. इंजिनातलं मला शून्य कळतं, कागदातलं बरंच कळतं. आमची जुनी वॅगन आर 2011 ची, तिची पंधरा वर्षं भरत आलेली. 22 सप्टेंबर 2025 ला घटस्थापनेच्या दिवशी जीएसटी उतरला आणि लहान गाड्यांवर 28 टक्के अधिक सेस होता तो सरळ 18 टक्क्यांवर आला. मग काय, सगळं गाव शोरूममध्ये. दसऱ्याला आमच्या बँकेत वाहनकर्जाच्या फायली टेबलावर मावत नव्हत्या. आम्ही बुकिंगला गेलो तेव्हा पाहिजे त्या रंगाला आठ आठवडे थांबा म्हणाले. बाहेर पडताना तिथल्या मॅनेजरनं हळूच सांगितलं, "ताई, टेस्ट ड्राइव्हची एक गाडी काढायची आहे. टॉप मॉडेल. रनिंग फक्त नऊ हजार. लगेच घेऊन जा, पाडव्याला दारात."

आमच्या ह्यांचे डोळे चमकले. माणूस शाळेत गणित शिकवतो, पण 'टॉप मॉडेल' म्हटलं की सगळी बेरीज-वजाबाकी विसरतो.

शोरूमच्या गाड्यांत तीन प्रकार असतात आणि विकताना तिघींना एकाच नावानं हाक मारतात. एक काचेमागं उभी असते ती. तिच्यात लोक बसतात, दारं आपटतात, पोरं स्टिअरिंग फिरवतात, पण ती रस्ता बघत नाही. बऱ्याचदा ती शेवटी नवीन म्हणूनच विकली जाते. दुसरी टेस्ट ड्राइव्हची. तिसरी, ज्यांची गाडी वर्कशॉपमध्ये आठवडाभर अडकते त्यांना तेवढ्यापुरती वापरायला द्यायची, म्हणजे बदली गाडी. लहान शोरूमला एवढ्या गाड्या ठेवणं परवडत नाही, म्हणून दुसरी आणि तिसरी एकच असते. ही तशीच. दिवसा गिऱ्हाइकांच्या फेऱ्या, अधेमधे कुणाच्या तरी घरी मुक्काम, आणि रविवारी (हे गुलालानं सांगितलं) स्टाफपैकी कुणाचं तरी देवदर्शन.

मॅनेजरचं कोटेशन असं: गाडी ऑन रोड 10,92,000 ची, तुम्हाला 8,90,000 ला. "दोन लाख दोन हजार सरळ वाचले ताई!" हे त्यानं कॅल्क्युलेटरवर करून माझ्यासमोर धरलं. आमच्या धंद्यात कुणी कॅल्क्युलेटर आपल्याकडं वळवून दाखवायला लागला की आपण आपला काढायचा असतो.

10,92,000 हा आकडा जुन्या जीएसटीचा. तेव्हा एक्स-शोरूम 9,40,000 होती. कर उतरल्यावर तीच गाडी 8,60,000 ची झाली. त्यावर आपल्याकडं पेट्रोल गाडीला दहा लाखांच्या आत 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 94,600. विमा चाळीस हजार धरा, किरकोळ तीनचार हजार. नवी कोरी गाडी तेव्हा 9,98,000 ला दारात येत होती. बँकेत नोकरी म्हणून मला कॉर्पोरेट सवलत पंधरा हजार मिळत होती. उरले 9,83,000. म्हणजे वाचणार होते दोन लाख नव्हे, 93,000.

आता कर्ज. डेमो गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, डीलरच्या नावावर असते. ती आपल्या नावावर आली की आपण दुसरे मालक. बँकेच्या लेखी ती जुनी गाडी, रनिंग नऊ हजार असो की नव्वद हजार. आमच्याच बँकेत नव्या गाडीला 9 टक्के आणि जुन्या गाडीला 12. सहा लाख, पाच वर्षं: 9 टक्क्यांनी हप्ता 12,455 आणि 12 टक्क्यांनी 13,347. महिन्याला फरक 892, कुणाला जाणवतो? साठ महिन्यांचा झाला 53,520. त्र्याण्णव हजारांतून तो वजा केला की साडेएकोणचाळीस उरतात. त्यातून नावावर करायचा खर्च, नवीन फास्टॅग, एखाददुसरा टायर काढा. तीस हजार. तीस हजारांसाठी वॉरंटीचे अकरा महिने गेलेले, आणि पुढं विकताना 'फर्स्ट ओनर' म्हणता येणार नाही.

हे सगळं मी त्याच्याच कोटेशनच्या पाठीमागं लिहिलं. ह्यांनी दोनदा तपासलं. चूक सापडली नाही म्हणून जरा हिरमुसले.

आणखी एक गोष्ट मॅनेजर बोलला नाही, मीही तेव्हा बोलले नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक काढून स्पष्ट केलं होतं की डेमो गाडी घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, डीलरला घेता येतं. विकताना मग त्याला बिलावर जीएसटी लावावा लागतो, तो भाग वेगळा. पण ज्या 10,92,000 वर तो सूट दाखवत होता तेवढे त्याच्या खिशातून कधी गेलेच नव्हते. म्हणून मी एवढंच विचारलं, "8,90,000 मध्ये सगळा टॅक्स आला ना? लिहून द्या." त्यानं आत जाऊन कुणाला तरी विचारलं आणि लिहून दिलं. हे विचारायला विसरू नका. कोटेशनच्या तळाशी 'कर अतिरिक्त' असं मुंगीएवढ्या अक्षरात असू शकतं.

तरीसुद्धा मी गाडी सोडून दिली नाही. एक तर आठ आठवडे थांबायची तयारी नव्हती, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं आणि जुन्या गाडीत त्यांना चढता-उतरता येईना. दुसरं म्हणजे एवढा हिशोब केल्यावर सोडून द्यायचा मला कंटाळा येतो. मिरजेच्या चाचांना घेऊन परत गेले.

चाचांनी गाडी सुरू करायच्या आधी अर्धा तास नुसती बघितली. टायरपाशी उकिडवे बसले आणि मला खाली वाकायला लावलं. टायरच्या कडेला एक लांबट चौकट असते, तिच्यात चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. मागचे दोन्ही 3624, म्हणजे 2024 च्या छत्तिसाव्या आठवड्यातले. स्टेपनी 3624, जमिनीला न लागलेली. पुढचा डावा 3624. पुढचा उजवा 1825.

"गाडी नोव्हेंबरची आणि टायर पुढच्या मेचा. कसं काय ओ सायब?"

मुलगा म्हणाला, पंक्चर झालं असेल. चाचांनी बोट रिमच्या कडेवरून फिरवलं. एका जागी नख अडकलं. मग बोनेट उघडून मडगार्डच्या बोल्टांकडं बघितलं, बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला आहे का ते. नव्हता. म्हणजे पत्रा खोललेला नाही. मग पुढच्या बंपरच्या कडेवर, हेडलाइटच्या खाली, जिथं कुणी बघत नाही तिथं नखानं खरवडलं तर रंगाची बारीक धार लागली. कागदी पट्टी चिकटवून रंग मारला की जिथं पट्टी संपते तिथं अशी धार राहते. कुणीतरी दुभाजकाला किंवा खड्ड्याला उजवं चाक घातलेलं, टायर फुटलेला, बंपर घासलेला, आणि शोरूमच्याच वर्कशॉपमध्ये रंगवून घेतलेला. मामला एवढाच.

पण हा मामला विम्याच्या नोंदीत दिसणार नाही, हे लक्षात घ्या. वर्कशॉप घरचं, रंगारी घरचा. क्लेम कशाला करतील? एरवी जुनी गाडी घेताना आपण 'क्लेम झालाय का' विचारतो, इथं त्या प्रश्नाला काही अर्थ नाही. मागायचं असतं ते चॅसी नंबरवरचं सर्व्हिस रेकॉर्ड, कंपनीच्या सिस्टिममधून काढलेलं, सगळ्या जॉबकार्डांसह. मॅनेजर म्हणाला, डेमो गाडीचं तसं निघत नाही. मी म्हटलं, मग राहू द्या. दहा मिनिटांत निघालं. त्यात मे महिन्यात 'फ्रंट बंपर पेंट' आणि 'टायर आरएच फ्रंट' अशा दोन ओळी होत्या. चाचांनी बघितलंही नाही. त्यांना आधीच माहीत होतं.

मग क्लच. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत सगळ्यात जास्त हाल क्लचचे, कारण प्रत्येक माणूस पहिल्या दोन मिनिटांत नवीन पॅडल शिकत असतो. दिवसाला चार गिऱ्हाइकं धरली तरी अकरा महिन्यांत हजारभर अनोळखी पाय. शिवाय नवीन इंजिन पहिले हजार किलोमीटर जपून चालवायचं असतं, हे आपण स्वतःच्या गाडीला पाळतो. हिला तर पहिल्याच आठवड्यात थंड इंजिनावर कुणीतरी 'पिकअप बघतो' म्हणून दाबलं असणार. चाचांनी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली. हे चांगलं लक्षण. तशी बंद न पडता इंजिन नुसतं घुमत राहिलं तर क्लच प्लेट घसरते आहे असं समजायचं. पण पॅडल जवळजवळ वरपर्यंत आल्यावर गाडीनं पकडलं.

"अजून वीस-पंचवीस हजार किलोमीटर जाईल. फुडं खर्च हाय."

मुलगा लगेच म्हणाला, "वॉरंटीत आहे ना सर." क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर हे झिजायचे भाग, ते वॉरंटीत नसतात. हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक नव्हतं की तो विसरला, देव जाणे. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, आणि ती सुरू झालेली गाडी पहिल्यांदा नोंदली त्या दिवसापासून, मी घेईन त्या दिवसापासून नव्हे. हाती उरणार होती दोन वर्षं नि एक महिना.

चक्कर मारायला अंकलीच्या पुलापर्यंत गेलो. गाडी सरळ धावत होती, ब्रेक दाबल्यावर ओढत नव्हती, एसी मिरजेच्या बर्फाच्या कारखान्यासारखा. चाचा येताना काही बोलले नाहीत. शोरूमच्या दारात उतरल्यावर म्हणाले, "गाडी तरणी हाय. पण हजार जणांनी कान पिळल्यात. त्या हिशोबानं बोला."

मी पडद्यावर ब्लूटूथ उघडलं. जोडलेल्या फोनची यादी भरलेली. 'राजे 009', 'पप्पा नवीन', 'आईचा मोबाईल', 'डॉन', 'एलआयसीवाले काका'. एकाचे तर संपर्कही तसेच पडून होते. कुणाचीतरी अख्खी सोयरीक माझ्यासमोर स्क्रीनवर. लोकहो, टेस्ट ड्राइव्हला फोन जोडलात तर उतरताना काढून टाका.

घासाघीस दिवाळीनंतर झाली, ते फार बरं झालं. पाडवा निघून गेलेला, गर्दी ओसरलेली. मी त्याच्या 8,90,000 वर बोललेच नाही. त्याला विचारलं, आज या गाडीचा नव्यानं विमा काढला तर विमा कंपनी तिची किंमत किती धरेल? विम्याच्या तक्त्यात सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीला 15 टक्के घसारा धरतात. आजच्या 8,60,000 वर 15 टक्के गेले की 7,31,000. वर्ष पूर्ण झालं की 20 टक्के, आणि त्याला आता तीन आठवडे राहिलेत. रोड टॅक्स भरलेला आहे, त्यातलं एकच वर्ष संपलंय, म्हणून त्याचे मी 88,000 धरते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा एकदम घ्यावा लागतो, त्याची दोन वर्षं बाकी आहेत, त्याचे सात हजार धरते. सगळे मिळून 8,26,000. आता यातून क्लच आणि तुमचा रंगवलेला बंपर तुम्हीच वजा करा.

"ताई, तुम्ही कुठं असता कामाला?"

मी सांगितलं. त्यानं चहा मागवला.

मी 7,90,000 म्हटलं, तो 8,45,000 वर आला, मग मोठ्या साहेबांना फोन, मग आणखी चहा. 8,12,000 ला ठरलं. त्यात नावावर करायचा सगळा खर्च त्यांचा, पुढच्या डाव्या चाकाला उजव्याशी जोडी जुळणारा नवीन टायर, आणि सगळी चलानं भरून पावत्या. चलानं तीन निघाली. ई-चलानच्या साइटवर गाडी नंबर टाकला की दिसतात. त्यातलं एक सीटबेल्ट न लावल्याचं. म्हणजे गुलालवाला भक्त वेगळा. तो बिचारा बेल्ट लावून बसलेला.

कागदांचं जरा सविस्तर सांगते, कारण लोक इथंच फसतात. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडी नंबर टाकून बघितलं तर आरसीवर एका बँकेचा बोजा होता. डेमो गाड्याही डीलर कर्जावरच घेतात. बोजा असताना पूर्ण पैसे देऊ नका, मग मॅनेजर कितीही गोड असो. मी अकरा हजार टोकन दिलं. त्यांच्या बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्यावर बाकीचे दिले, तेही डीलरच्या खात्यावर, चेकनं. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या माझ्यासमोर, कंपनीचा शिक्का आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र बघून. गाडी आमच्याच एमएच-10 पासिंगची, त्यामुळं दुसऱ्या आरटीओच्या एनओसीची भानगड नव्हती. परराज्यातली गाडी असेल तर त्या एनओसीचा फॉर्म 28 लागतो आणि दिवस वाढतात.

विम्याचं वेगळं. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टी आपोआप आपल्याकडं येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा. डीलरच्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) डीलरचा, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. उलट आमच्या वॅगन आरवर माझा 50 टक्के बोनस साठलेला होता. ती विकताना त्या कंपनीकडून पत्र घेतलं आणि नव्या पॉलिसीला लावलं. तेवढ्या भागाचा हप्ता निम्मा झाला. शोरूममधल्या विम्याच्या मुलीनं हे आपणहून सांगितलं नव्हतं. मी विचारल्यावर "हो, होतं की" म्हणाली.

कर्ज शेवटी तीनच लाख घेतलं, तीन वर्षांचं. दोन एफडी मोडल्या. बारा टक्के व्याज दुसऱ्याला लिहून देताना काही वाटत नाही, स्वतःच्या नावावर वाटतं.

गाडी दारात येऊन तीन महिने झाले, चार हजार किलोमीटर झाली. बसायला उंच, सासूबाई ऑपरेशननंतर सोळाव्या दिवशी कुणाचा हात न धरता बसल्या. गावात पंधराचं, हायवेला एकोणीसचं ॲव्हरेज. क्लच अजून तसाच, वर पकडतो. आमच्या ह्यांना सवय झाली, मला जुन्या गाडीची सवय मोडायला महिना लागला. आरसी माझ्या नावावर यायला साडेपाच आठवडे लागले. त्यात मी चार वेळा फोन केले आणि एकदा जाऊन बसले. बॅटरीनं जानेवारीत एका सकाळी मान टाकली. शोरूममध्ये दिवसभर एसी, दिवे, गाणी लावून उभी केलेली असते, आणि फेऱ्या दोन-दोन किलोमीटरच्या, बॅटरी भरणार कधी? ती वॉरंटीत बदलून मिळाली, कुरकुर न करता. तेवढं श्रेय द्यायला हवं.

एक प्रकार मात्र मला आवडला नाही. ही गाडी मोबाईलच्या ॲपला जोडलेली असते. गाडी कुठं आहे, किती वेगानं चालली, दार उघडं आहे का, सगळं त्यावर कळतं. ॲपमध्ये मालक म्हणून शोरूमचंच खातं राहिलं होतं. मला वाटलं, आरसी बदलली की तेही बदलेल. पौर्णिमेला सासूबाईंना घेऊन नरसोबाच्या वाडीला गेलो. आरती चालू होती आणि मला त्या सेल्समन मुलाचा मेसेज आला: "मॅडम गाडी वाडीला गेली आहे का? अलर्ट आला." त्याचा हेतू वाईट नव्हता, गाडी चोरीला गेली का या काळजीनंच त्यानं विचारलं असेल. पण मला एकदम कुणीतरी मागच्या सीटवर बसल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी शोरूमला जाऊन त्यांचं खातं काढायला लावलं आणि माझ्यासमोर सगळी यंत्रणा रिसेट करून घेतली. राजे 009 आणि एलआयसीवाले काका तेव्हाच गेले. हे ताबा घेतानाच करायचं असतं. मी फॉर्म 29 तपासत बसले आणि हे विसरले.

कुणी विचारतं, मग घ्यावी का अशी गाडी? नवीन गाडी महिन्याभरात मिळत असेल आणि बरंच कर्ज काढायचं असेल, तर बहुतेक वेळा हिशोब बसत नाही. रोखीनं किंवा थोड्या कर्जावर घ्यायची असेल, डीलरला साल संपायच्या आत काढायची घाई असेल, आणि सोबत एखादे चाचा असतील, तर बघायला हरकत नाही. गाडीला मी पाचपैकी चार देईन. शोरूमला अडीच. त्यातला अर्धा चहाचा.

राहता राहिलं एक. दोन्ही बाजूंच्या दारांवर 'टेस्ट ड्राइव्ह' असं मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं होतं. त्यांनी ते खरवडून, पॉलिश मारून दिलं, उन्हात बघितलं तर काही दिसत नाही. पण थंडीत पहाटे दव पडलं की गोंदाच्या जागी थेंब वेगळे बसतात आणि अक्षरं जशीच्या तशी वर येतात. पॉलिशवाल्यानं दोनदा प्रयत्न केले, चाचांनी रॉकेलचा बोळा फिरवून बघितला. परवा सकाळी सातला मी दार उघडलं तर शेजारचा पाचवीतला पोरगा दप्तर पाठीला लावून गाडीपुढं उभा.

"काकू, टेस्ट ड्राइव्ह लिवलंय. शाळेपर्यंत द्या की एक."

दिली.